घंटी नसेल तर नकली

३ जानेवारी

दुकानाचं शटर वर्षाच्या शेवटच्या दिवशी खाली ओढलं, ते ओढलंच. जन्मभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले, आता पुरे. पुढचा भाग एका नवरा-बायकोने भाड्याने घेतलाय, ते तिथे कपडे शिवणार आहेत. मागची डोळे तपासायची खोली मात्र मी सोडलेली नाही. चारी बाजूंना काळे पडदे, खाली जाड गालिचा, दार लावलं की रस्ता गायब. तिथे रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि तीन खुर्च्या मांडल्या आहेत. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता तसाच आहे. काढायचा कंटाळा केला.

डायरीची कल्पना बायकोची. म्हणाली, "दिवसभर डोक्यात जे चालतं ते कागदावर उतरवा, माझ्याकडे नको." तिला माझ्या गाण्यांत रस नाही. लग्न झाल्यापासून ती माझ्या रेकॉर्ड्सना 'तुमची भांडी' म्हणते, कारण तिच्या मते त्यात मांडणीवरून भांडी पडल्याचाच आवाज असतो.

तर उद्योग असा आहे. उद्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, वकील आणि दातवाला, सत्तर ते त्र्याहत्तर या सालांतले आमचे रॉक अल्बम पुन्हा ऐकणार. एका रविवारी एकच. दहापैकी मार्क. सगळे ऐकून झाले की एकाला पहिला नंबर. कॉलेजात सुरू झालेलं हे भांडण आता सत्तरी ओलांडल्यावर तरी मिटवावं असं ठरलंय. वकील म्हणतो, भांडण मिटलं तर त्याची फी कोण देणार.

नियम जुनेच. सुई खाली असेतोवर तोंड उघडायचं नाही. मार्क आधी मी सांगायचे. कारण कान माझे. हे मी नाही म्हणत, तेच दोघं म्हणत आलेत.

४ जानेवारी

'रिकामी खुर्ची' ऐकला. अल्बमची नावं आम्ही कव्हरवरूनच घेतो. तेव्हा ती परदेशी नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती आणि आता बदलण्यात अर्थ नाही.

काय लिहू. पहिली गिटार एकटीच सुरू होते, अंधारात कुणी भिंतीवर बटण चाचपावं तशी. मग ड्रम, मग ऑर्गन, आणि दिवा लागतो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तो गायक अक्षरशः गळा फाडतो आणि तरी सूर सोडत नाही. माझ्या हातांवर काटा आला तो सुई उठेपर्यंत गेला नाही. ही पोरं तेव्हा पंचविशीचीही नव्हती. पंचविशीत मी फ्रेमींचे स्क्रू सांडत होतो आणि गुडघ्यांवर बसून ते शोधत होतो.

मी नऊ दिले. दातवाल्यानेही नऊ. वकिलाने आठ, कारण समोरच्याशी पूर्ण सहमत झालं की त्याला अपचन होतं.

एकच बारीक तक्रार. ड्रमवरच्या झांजा मळकट वाटल्या. सुई जुनी झालीय, बदलायला हवी.

८ जानेवारी

नवी सुई बसवली. फरक पडला असावा.

बायकोला हल्ली पुटपुटायची सवय लागलीय. स्वयंपाकघरातून काहीतरी बोलते, मी 'काय?' म्हणतो, ती 'काही नाही' म्हणते. हे 'काही नाही' मात्र स्पष्ट ऐकू येतं. वय झालं की माणसं शब्द गिळतात. लेकीचा फोन आला होता, तिचंही तेच. वर मलाच म्हणते, बाबा, ओरडताय कशाला.

सकाळी फिरायला गेलो. बागेत झाडं तेवढीच आहेत पण पक्षी जवळजवळ नाहीत. काय करून ठेवलंय माणसाने.

११ जानेवारी

आज 'दीपगृह'. मला अजून नीट सुचत नाहीये.

हा अल्बम मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. पहिली अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. सगळे त्यातल्या गिटारवर जीव टाकतात, मीही टाकत आलो. आज मला पहिल्यांदा त्याचा बेसवाला ऐकू आला.

म्हणजे तो तिथे होताच. पण इतकी वर्षं माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं याची मला लाज वाटते. बाकीचे वर मिरवत असतात आणि हा खाली घर बांधत असतो. गिटारवाला दूर भटकून येतो तेव्हा त्याला परत यायला जागा असते ती याने धरून ठेवलेली. मधे एका ठिकाणी तो चार सुरांची ओळ तीनच सुरांवर सोडतो. चौथा वाजवतच नाही, आणि तो न वाजवलेला सूर माझ्या बरगड्यांत वाजला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, आणि ते करणाऱ्याचं नाव कव्हरवर सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

मी दहा दिले. दहा मी आजवर कशालाच दिलेले नाहीत. सुई उठल्यावर मी बेसबद्दल किती वेळ बोलत होतो कोण जाणे. दातवाला म्हणाला, "चष्म्या, आपण एकच रेकॉर्ड ऐकत होतो ना?" वकील रेकॉर्डचं पाकीट हातात घेऊन ते बारीक अक्षरातलं नाव वाचत राहिला.

१३ जानेवारी

बाजारात एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. म्हणे, "तुम्ही दुकान बंद केलंत आणि इकडे पेपरची छपाई बिघडली." मी हसू दाबलं. नंबर वाढला की प्रत्येक जण हेच म्हणतो. छपाई बिघडली, दिवे मंद झाले, शाई पांचट झाली. आपले डोळे बिघडले असं म्हणत दुकानाची पायरी चढलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला हा विनोद नेहमी आवडतो. आज ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

१८ जानेवारी

'पिवळा कोट'. निराशा.

साध्या गिटारी आणि बासरी, असा नाजूक मामला. कॉलेजात मीच या दोघांच्या मागे लागून त्यांना तो घ्यायला लावला होता. आज बासरी भिंतीपलीकडून आल्यासारखी, गाणारीचे शब्द लोकरीत गुंडाळलेले, सगळं कसं बेचव. मी चार दिले.

"चार?" दातवाला म्हणाला. "अरे, तू याच्यावर रडला होतास."

"विशीत माणूस कशावरही रडतो," मी म्हणालो.

वकिलाने नऊ दिले. पण देताना तो रेकॉर्डकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "तुला ती बासरी कशी वाटली?" त्याने विचारलं. मी म्हणालो, सुमार. तो 'बरं' म्हणाला. वकील 'बरं' म्हणाला की काहीतरी शिजत असतं.

आता मला शंका वेगळीच येते. हे अल्बम आपण समजत होतो तेवढे मोठे नसतील का? आपण तरुण होतो म्हणून ते मोठे वाटले? हा विचार मनात आल्यापासून बेचैन आहे. मग 'दीपगृह' आठवतो आणि वाटतं, नाही. जे मोठं आहे ते मोठंच आहे.

२१ जानेवारी

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं, वायरी तपासल्या, स्वतः दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, "साहेब, इतका स्वच्छ आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नाही." हल्ली कुणालाच कामातलं कळत नाही. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

२५ जानेवारी

'लोखंडी फाटक'. दणकट अल्बम, ड्रमवाला माणूस नसून हवामान आहे. मी आवाज थोडा चढवला. जमीन हलत होती आणि तिच्याबरोबर मी. पोटातून ऐकावं असं संगीत. तीन गाण्यांनंतर मला आपण खोलीत आहोत याचंही भान नव्हतं. नऊ.

वकील कानात कापूस घालून बसला होता. सर्दी म्हणे. सर्दीला कानात कापूस कोण घालतं. पुढच्या शिलाईवालीने मधेच दार ठोठावलं म्हणे, दातवाल्याने उठून तिची समजूत घातली. मला दार ठोठावल्याचं कळलंही नाही, इतका मी रमलो होतो.

१ फेब्रुवारी

आज लिहून ठेवलं पाहिजे.

'जिना' लावला होता. हा अल्बम आमच्या दोस्तीचा पाया आहे. चौथ्या गाण्यात दुसरं कडवं संपतं, सगळी वाद्यं क्षणभर थांबतात, आणि त्या पोकळीत एक बारीक घंटी एकदाच वाजते. एकदाच, पुन्हा अख्ख्या अल्बममध्ये नाही. ती मी शोधली होती, हॉस्टेलच्या खोलीत, विसाव्या वर्षी. त्या काळी 'जिना'च्या स्वस्तातल्या नकला बाजारात भरपूर होत्या. नकलेवरून नक्कल काढताना ती घंटी पुसली जायची. म्हणून आमच्यात नियमच झाला होता: घंटी नसेल तर नकली. अनोळखी मुलं माझ्याकडे रेकॉर्ड घेऊन यायची, मी डोळे मिटून चौथं गाणं ऐकायचो आणि निकाल द्यायचो.

आज मी डोळे मिटले. पोकळी आली आणि गेली. घंटी वाजली नाही.

मी सुई उचलली. गाणं चालू असताना सुई उचलायची ही आमच्यातली पहिली वेळ.

"काय झालं?" दातवाल्याने विचारलं.

"घंटी कुठंय?"

दातवाला वकिलाकडे बघायला लागला. मी सुई पुन्हा ठेवली, आवाज चढवला. पोकळी आली, गेली. पुन्हा एकदा. नाही म्हणजे नाही.

"ही माझी रेकॉर्ड नाही," मी म्हणालो. "ही नकली आहे." आणि बोलता बोलताच मला आठवलं. ही रेकॉर्ड माझ्या ताब्यातून एकदाच बाहेर गेली होती. मागच्या वर्षी वकिलाचं ऑपरेशन झालं तेव्हा पडल्या पडल्या ऐकायला त्याने नेली होती. "वकील, तुझ्याकडे होती ना ही?"

"होती."

"मग?"

"अरे चष्म्या, ती घंटी तर..." दातवाला बोलायला लागला. वकिलाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला. वकील बराच वेळ माझ्याकडे बघत होता. कोर्टात तो असा बघत नाही, तिथे मी त्याला पाहिलंय.

"माझ्याकडेच बदलली गेली," तो म्हणाला. "माझ्याजवळ तिची एक स्वस्तातली नक्कल होती. पाकिटं अदलाबदल झाली असणार. मग मी माझी समजून तुझी देऊन टाकली."

"तुला कळलं नाही?"

"कळलं, नंतर. सांगायला जीभ रेटली नाही."

ज्या माणसाने आयुष्यात एकाही अशिलाला गुन्हा कबूल करू दिला नाही तो एका दमात कबूल झाला. याहून मोठा पुरावा कोणता हवा? रेकॉर्ड गेली याचं दुःख आहेच. पण मी पकडलं नसतं तर माझ्या शेजारी बसून तो ती नक्कल शेवटपर्यंत ऐकत राहिला असता, तोंडातून चकार शब्द न काढता. मी त्याला म्हणालो, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. तो उठला, टोपी घातली, "बरं" म्हणाला आणि गेला. दातवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझीच. दार उघडंच टाकून तोही गेला.

५ फेब्रुवारी

कुणाचा फोन नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून एवढंच म्हणाली, "ते कबूल झाले?" मी म्हणालो, सरळ तोंडावर. तिचे हात थांबले. मग पुन्हा निवडायला लागली. माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही.

राग उतरत नाही. उतरला की त्याच्या खालून काहीतरी वेगळंच वर येतं, म्हणून मीच तो उतरू देत नसेन. पन्नास वर्षांचा मित्र आहे.

८ फेब्रुवारी

रविवार. दोन खुर्च्या रिकाम्या. मी मुद्दाम तीच नकली रेकॉर्ड लावून बसलो, जखमेवरची खपली काढावी तसा. चौथं गाणं चालू असताना बायको कॉफीचा थर्मास घेऊन आली. आमचे नियम तिला लागू नाहीत. पडदा धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "एवढी एक घंटी तेवढी छान आहे हो. सगळ्या भांड्यांत एकच शहाणं भांडं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. "कुठली घंटी?"

"आत्ता वाजली ती."

मी तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, प्लेअरकडे पाठ करून. म्हणालो, घंटी वाजली की बोट वर कर. दिसत नसताना दिसतं म्हणणारी माणसं मला जन्मभर भेटली आहेत आणि त्यांना पकडायची युक्ती मला माहीत आहे. साधी काच घालायची आणि विचारायचं, आता बरं दिसतंय? मी तिसरं गाणं लावलं, ज्यात घंटी नाही. बोट खाली राहिलं. पाचवं लावलं. खाली राहिलं. मग चौथं लावलं आणि तिच्या हाताकडे बघत उभा राहिलो. दुसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली.

बोट वर गेलं. खोलीत पूर्ण शांतता होती.

पुन्हा लावलं. पुन्हा बोट वर, पुन्हा शांतता. किती वेळा लावलं ते विचारू नये. शेवटी तिने मागे वळून माझा हात धरला आणि खाली बसवलं.

"छपाई बिघडली म्हणणारी गिऱ्हाइकं," ती म्हणाली. हळू नाही, चांगली मोठ्याने म्हणाली. "तुम्हीच मला सांगून सांगून हसायचात ना? मी पुटपुटत नाही हो. दोन वर्षं झाली, मी ओरडून बोलतेय."

रेकॉर्ड अस्सल आहे. आनंद व्हायला हवा होता.

मग डोक्यात आलं ते तिला विचारलं. "पण रेकॉर्ड बदललीच नव्हती, तर वकील कबूल का झाला?"

तिने थर्मास उचलला. "ते त्यांनाच विचारा," म्हणाली.

११ फेब्रुवारी

कान तपासून आलो. माझ्या खोलीसारखीच खोली, भिंतींना गाद्या, दार जाड. तपासणारी मुलगी काचेपलीकडे. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो, खूश होतो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, ती दुसऱ्या कामाला लागली. काचेतून पाहिलं तर ती एकामागून एक आवाज सोडत होती आणि माझ्या अंगठ्याकडे बघत होती. जन्मभर मी त्या बाजूला बसलो. या बाजूने कसं वाटतं ते आज कळलं.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ सपाट, मग एकदम कड्यावरून खाली. खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेले. झांजा, बासरी, घंट्या, पक्षी, बायकांचे आवाज. "हळूहळू जातं, म्हणून कळत नाही," ते म्हणाले. यंत्र मिळेल, बोलणं ऐकू येईल. संगीताचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, बघू.

म्हणजे तो बेसवाला मला भेटला तो वरचे सगळे निघून गेले म्हणून. मी दिलेले दहा खरे की खोटे? 'पिवळा कोट'ला चार देणारा मी कोण? मुलं डोळे झाकून माझ्या निकालावर विश्वास ठेवायची. मी कानांशिवाय कोण आहे ते मला सांगता येत नाही.

आणि वकील. बसमध्ये बसल्यावर ते माझ्या डोक्यात शिरलं. घंटी वाजली तेव्हा त्याला ती ऐकू आली होती. दातवाल्यालाही आली होती. मी 'कुठंय' म्हणालो तेव्हा ती नुकतीच त्यांच्या कानांवरून गेली होती. सगळं समजूनच त्याने दातवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझा स्टॉप कधी गेला कळलं नाही.

१५ फेब्रुवारी

रविवार. वकिलाकडे गेलो. दार त्यानेच उघडलं.

"ये. चहा टाकू?"

"आधी भांडायचंय."

"मग चहा लागेलच."

मी आलेख त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने मीच करून दिलेला चष्मा नाकावर चढवला आणि कागद बराच वेळ पाहिला. "भाषा कळली नाही," म्हणाला, "निकाल कळला."

"तुला आधीच कळला होता."

"पिवळ्या कोटाच्या दिवशी. बासरी सुमार म्हणालास तेव्हा."

"मग खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? कबुलीजबाब दिला."

"न केलेल्या गुन्ह्याचा. वकील असून."

तो चहा ओतत होता. ओतून झाल्यावर म्हणाला, "हे बघ, तोंडात दोन वाक्यं होती. तुला ऐकू येत नाही, हे एक. मी चोर आहे, हे दुसरं. तू त्या प्लेअरजवळ उभा होतास, चेहरा असा झाला होता तुझा, की पहिलं माझ्याच्याने म्हणवेना."

"मी तुला हाकललं."

"हाकललंस. आठवडाभर जरा जड गेलं. पण तुझे कान तुला आहेत असं वाटत राहिलं असतं, तर मी इथे बसून एकटा ऐकलं असतं. त्यात काय एवढं."

मला रडू आलं. चष्मेवाल्याला रडायच्या आधी चष्मा काढून ठेवायची सवय असते, तेवढाच वेळ मिळाला. तो उठून माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला, या वयात, गुडघे दुखत असताना. माझं कौतुक करायची त्याला सवय नाही आणि त्याने केलंही नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिला. माणूस माणसासाठी एवढं करतो आणि वर साखर किती घालू असं विचारतो.

"एक सांगू?" मग तो म्हणाला. "ती घंटी मला कधी ऐकू आलीच नव्हती. हॉस्टेलात तू बोट वर केलंस तेव्हा पहिल्यांदा आली. आणि त्या दीपगृहाच्या रविवारी घरी येऊन मी पुन्हा ती बाजू लावली. तू बोलला होतास तसा फक्त खाली कान देऊन. लेका, तो चौथा सूर खरंच सोडतो रे तो. मला अर्धी रात्र झोप नाही."

दहा मार्क खरे होते तर.

२० फेब्रुवारी

यंत्रं आली, दोन्ही कानांना. घरात केवढा आवाज आहे. पेपर कुरकुरतो, चप्पल चुरचुरते, बायको भरपूर आणि स्पष्ट बोलते. सकाळी बागेत गेलो आणि बाकावर बसकण मारली. पक्षी कुठेही गेलेले नाहीत. इतके आहेत की मोजता येणार नाहीत, आणि सगळे एकदम बोलत होते. मी तिथे किती वेळ तोंड वासून बसलो होतो कोण जाणे.

संगीताला मात्र यंत्रं नालायक आहेत. 'रिकामी खुर्ची' लावून पाहिला, सगळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बायको दारातून म्हणाली, "आता पटलं ना भांडी?"

१ मार्च

आज तिघं जमणार होतो. दातवाल्याला एका पेशंटच्या माळ्यावर एक अल्बम सापडला होता, बहात्तर सालचा, कव्हर कोरं पांढरं. आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेला नाही, बँडचं नावही माहीत नाही. दाढ दुखणारा कुणीतरी ऐनवेळी आला म्हणून दातवाल्याने रेकॉर्ड पुढे पाठवून दिली. स्वतः मागून येतो म्हणाला.

मी यंत्रं काढून खिशात ठेवली. वकिलाला म्हणालो, मी मार्क देणार नाही, माझ्याकडे अर्धाच अल्बम येतो. तो म्हणाला, लाव तर खरं.

सुई ठेवली. आधी खालून एक लांब हालचाल आली, नदीच्या तळाशी दगड सरकावेत तशी. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझ्या दंडाला वकिलाचा खांदा टेकला आणि तो माझ्या कानापाशी बोलायला लागला. सुई खाली असताना. "झांजा चालल्यात, एकदम बारीक. वाळू ओतल्यासारख्या. आता दोन गिटारी, एक डावीकडून. बाईचा आवाज, शब्द नाहीत, नुसतीच आ करतेय. वर जातेय. अजून वर. अरे देवा." त्याचा आवाज फुटला. मी तिला ऐकत नव्हतो, पण ती कुठवर पोचली ते मला त्याच्या खांद्यात कळलं.

"आणि खाली?" त्याने विचारलं. "खाली काय करतोय तो? मला नुसता घुमारा येतोय. सांग ना."

मी सांगायला लागलो. की ती वर जातेय आणि हा तिच्याबरोबर जात नाहीये, हा उलटा उतरतोय, पायरी पायरी, म्हणजे दोघांच्या मधली जागा वाढत चाललीय, आणि त्या जागेत सगळं गाणं मावतंय. हे बोलताना माझा मलाच श्वास पुरेना. वकील मान डोलवत होता, "हो, हो, आता आला, आता ऐकू आला," म्हणत होता, आणि मधेच वरचं सांगत होता, आणि मी खालचं, आणि कितीतरी वेळ दोघंही एकदम बोलत होतो. असा अख्खा अल्बम मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, कान चांगले होते तेव्हाही नाही.

दातवाला कधी आत आला कळलं नाही. पडद्यापाशी कोट काढत उभा होता. वकिलाने त्याचं बोलणं मला नंतर सांगितलं.

"ऐकताय की गप्पा मारताय रे?"

वकिलाने मानही वळवली नाही. "दिसत नाही का," तो म्हणाला, "ऐकतोय."